गोळी, पाणी आणि ज्यूस: सोलापूरच्या मेडिकल काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकल आहे. आजूबाजूला टॉवेल-चादरीचे कारखाने, दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट आणि हवेत कापसाचा भुसा. मार्च लागला की पारा चाळिशीकडे सरकतो, कोपऱ्याकोपऱ्यावर मोसंबीच्या गाड्या आणि रसवंत्या सुरू होतात आणि माझ्या काउंटरवर एकच प्रश्न वाढतो: "ताई, गोळी ज्यूसबरोबर घेतली तर चालते ना?" दुकान सुरू केलं तेव्हा मी बिनधास्त "चालते की" म्हणायचे. पोटात गेल्याशी कारण, असं मलाही वाटायचं. पुढे वाचत गेले, गिऱ्हाइकांना खोदून विचारत गेले आणि ते उत्तर चुकीचं होतं हे उमगलं. ज्यांना तेव्हा घाईत उत्तर दिलं, त्यांच्यासाठीही हे सविस्तर लिहिते आहे.

ज्यूसने गोळीचं नेमकं काय बिघडतं? रस तर पौष्टिक असतो.

रस पौष्टिक आहे, त्याबद्दल वाद नाही. अडचण एवढीच की काही औषधं रसाबरोबर घेतली तर रक्तात कमी उतरतात आणि काही औषधं गरजेपेक्षा जास्त उतरतात. दोन्हींत नुकसान पेशंटचंच. कमी उतरलं तर बीपी आटोक्यात येत नाही, शिंका थांबत नाहीत, जंतू मरत नाहीत. जास्त उतरलं तर चक्कर येणं, नाडी मंदावणं, स्नायू दुखणं असे त्रास होतात. गोळी रोज वेळेवर घेतलेली असते, त्यामुळे यामागे ज्यूस असेल अशी शंका कुणालाच येत नाही. पेशंटला वाटतं गोळी लागू पडत नाही, डॉक्टरांना वाटतं डोस कमी पडतोय.

आतड्यात होतं तरी काय?

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या हंगामात गेला असाल तर हे लगेच समजेल. ट्रक दारात उभा असतो आणि पोती पाठीवर घेऊन हमाल आत नेतात. आतड्याच्या आतल्या अस्तरावरही असेच हमाल असतात. ती प्रथिनं आहेत, शास्त्रात त्यांना ओएटीपी म्हणतात. काही औषधांना आपल्या बळावर अस्तर ओलांडता येत नाही, हे हमालच त्यांना उचलून आत नेतात. ग्रेपफ्रूटमधलं नारिंजिन, संत्रा-मोसंबी वर्गातलं हेस्पेरिडिन असे घटक या हमालांना अडवून धरतात. मग पोती ट्रकवरच राहतात, ट्रक पुढे निघून जातो आणि औषध न शोषलं जाता शौचावाटे बाहेर पडतं. औषध कमी पडतं ते असं.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. आतड्याच्या अस्तरात सीवायपी ३ए४ नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. यार्डात माल निवडणारा जसा खराब कांदा बाजूला टाकतो, तसं हे विकर आत येणाऱ्या औषधाचा मोठा भाग तिथेच मोडून टाकतं. डोस ठरवताना ही मोडतोड हिशेबात धरलेली असते. फेलोडिपिन या बीपीच्या औषधाचा साधारण १५ टक्केच भाग शेवटी रक्तात पोचतो, आणि गोळीची ताकद त्या १५ टक्क्यांवर बेतलेली आहे. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमरिन नावाची द्रव्यं हे विकर कायमचं निकामी करतात. निवडणाराच घरी गेला की सगळा माल आत. औषध जास्त होतं ते असं.

हे कळलं कधी आणि कसं?

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन आणि दारू यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा फारच जास्त निघालं, आणि दारू न घेतलेल्यांतही तेच दिसलं. गुन्हेगार रस होता. १९८९ मध्ये हे प्रथम छापून आलं. १९९१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतलेलं फेलोडिपिन पाण्याच्या तुलनेत सरासरी जवळपास तिप्पट रक्तात उतरलं होतं.

पुढे नाण्याची दुसरी बाजूही त्यांच्याच गटाला दिसली. फेक्सोफेनाडिन ही अ‍ॅलर्जीची गोळी ग्रेपफ्रूट, संत्रं किंवा सफरचंद यांच्या रसाबरोबर दिली, तर रक्तात कमी उतरत होती. २००८ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या फिलाडेल्फियातल्या अधिवेशनात बेलींनी सांगितलं की ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतलेल्या या गोळीचं औषध पाण्याच्या तुलनेत निम्मंच शोषलं गेलं. चवीसाठी घातलेल्या रसातून औषधशास्त्राची एक अख्खी शाखा उभी राहिली, याचं मला आजही नवल वाटतं.

ग्रेपफ्रूट म्हणजे आपलं द्राक्ष का?

नाही. हा गोंधळ इतका होतो की उत्तर ठळक लिहिते: ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते संत्र्या-मोसंबीच्या कुळातलं, मोठं, कडवट-आंबट फळ आहे. झाडाला द्राक्षांसारखे घोस लागतात, म्हणून नावात 'ग्रेप' आलं असं म्हणतात. औषधाच्या कागदावर इंग्रजीत हा शब्द वाचून एका काकांनी घरच्या बागेतली द्राक्षं खायचं सोडलं होतं. पंढरपूरकडचे बागायतदार ते, हंगामभर घरात द्राक्षं असायची आणि ते नुसते बघत बसायचे. त्यांना ती परत सुरू करायला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा किती खुलला, ते मी विसरणार नाही.

आपल्याकडचं ग्रेपफ्रूटचं सख्खं नातलग म्हणजे पपनस. गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसणारं, जाड सालीचं, हिरवट-पिवळं, नारळाएवढं फळ. त्यातही फ्युरानोकुमरिनं असतात. किडनी बदललेल्या पेशंटांना दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनची पातळी पपनसाने वाढल्याचं अभ्यासात दिसलं आहे, आणि त्याच कामाच्या टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याची नोंदही आहे. या दोन औषधांची सुरक्षित मर्यादा फार अरुंद असते. घरात असं कुणी असेल तर गणपतीच्या प्रसादातलं पपनस त्यांच्या ताटात वाढू नका.

मोसंबीचं काय? आमच्याकडे आजारी माणसाला पहिलं मोसंबीचंच ज्यूस देतात.

म्हणूनच या प्रश्नावर मी जास्त वेळ देते. परदेशातल्या अभ्यासांत 'ऑरेंज ज्यूस' असतो आणि आपण तो वाचून म्हणतो, हे संत्र्याबद्दल आहे, मोसंबीला लागू नाही. वनस्पतिशास्त्र वेगळं सांगतं. नागपुरी संत्रं ही एक वेगळी जात आहे. परदेशी ऑरेंज ज्यूस ज्या गोड संत्र्यापासून करतात, त्या जातीतलंच आपलं जालना-मराठवाड्याकडचं मोसंबी आहे. म्हणजे तो ऑरेंज ज्यूस नागपुरी संत्र्यापेक्षा आपल्या मोसंबीला जास्त जवळचा. त्यामुळे ऑरेंज ज्यूसबद्दलची सूचना मोसंबीवाल्या घरांनी आधी वाचावी.

याचा अर्थ मोसंबी बंद करा असा मुळीच नाही. तापातून उठलेल्या माणसाला मोसंबीचा रस जरूर द्या. गोळी मात्र त्या ग्लासाबरोबर देऊ नका.

कोणत्या गोळ्यांना जपायचं?

पहिली फेक्सोफेनाडिन, १२० किंवा १८० मिलिग्रॅमची. आमच्या भागात हिचा खप मोठा. गेल्या उन्हाळ्यात एका टॉवेल कारखान्यात कांडी भरणाऱ्या अक्का आल्या. डोळे लाल, पदर नाकाला. हातातली स्ट्रिप त्यांनी काउंटरवर ठेवली, दहातल्या सहा गोळ्या संपलेल्या. म्हणाल्या, "ही नको, ह्याच्या वरची द्या. ही नुसती खडू आहे." गोळी कशी घेता, असं विचारलं. सकाळी कामावर जाताना चौकातल्या गाडीवर मोसंबीचा मोठा ग्लास, त्याच्याच पहिल्या घोटाबरोबर गोळी. पोटात काहीतरी जावं म्हणून मुलीने ती सवय लावली होती. मी तीच स्ट्रिप परत त्यांच्या हातात दिली. पूर्व भागात निम्मं बोलणं तेलुगूत चालतं, म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात 'पाणी' लिहिलं आणि तोंडानेही सांगितलं, "नीळ्ळु, नुसतं नीळ्ळु." ज्यूस कामावरून परत येताना प्या म्हटलं. उरलेल्या चार गोळ्यांनी त्यांच्या शिंका आटोक्यात आल्या. एका बाईच्या अनुभवावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण या गोळीच्या माहितीपत्रकातच फळांच्या रसाबरोबर घेऊ नका असं छापलेलं असतं, आणि ते बारीक अक्षर अक्कांपर्यंत कुणी पोचवलं नव्हतं.

दुसरी अ‍ॅटेनोलॉल, बीपी आणि छातीतल्या धडधडीची जुनी, स्वस्त गोळी. ऑरेंज ज्यूस दिवसातून तीनदा घेणाऱ्यांत तिचं शोषण सुमारे ४० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. दुसऱ्या एका अभ्यासात १२०० मिलिलीटर सफरचंदाच्या रसाने ते ८० टक्क्यांहून जास्त घटलं. इतका रस रोज कुणी पीत नाही हे खरं, पण कमी रसानेही शोषण घटतं आणि जास्त रसाने जास्त घटतं, हे त्यातून दिसतं.

तिसरी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिकं. साध्या ऑरेंज ज्यूसनेही त्यांचं शोषण कमी होतं आणि कॅल्शियम घातलेल्या पॅकबंद ज्यूसने सुमारे ४० टक्क्यांपर्यंत. दूध, दही, ताक यांचंही तेच, कारण कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं. अँटिबायोटिक अर्धवट उतरणं मला सगळ्यांत जास्त खुपतं. अर्धवट मार खाल्लेले जंतू पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देत नाहीत, आणि ते जंतू त्या एका घरापुरते राहत नाहीत.

इट्राकोनॅझोल कॅप्सूल गजकर्णासाठी देतात. सोलापूरच्या घामट उन्हात गजकर्ण घरोघरी आहे. ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. लोक नेमकी उपाशीपोटी, अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबर आणि वर ऑरेंज ज्यूस पिऊन घेतात. तिन्हींनी शोषण घटतं. मग दोन-दोन महिने डाग जात नाहीत आणि दोष औषधाला किंवा डॉक्टरांना मिळतो.

अ‍ॅलेंड्रोनेट, हाडं ठिसूळ झालेल्यांची आठवड्याला एकदा घ्यायची गोळी. कॉफी किंवा ऑरेंज ज्यूसबरोबर घेतली तर तिचं शोषण सुमारे ६० टक्क्यांनी घटतं. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनीही उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-कॉफी आणि नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, लोह आणि कॅल्शियम चार तासांनी.

बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या सगळ्या गोळ्यांना हे लागू आहे का?

नाही, आणि घाबरून गोळी बंद करणं ज्यूसपेक्षा कितीतरी घातक आहे. आज सर्वांत जास्त लिहिली जाणारी अ‍ॅमलोडिपिन ग्रेपफ्रूटने फारशी बदलत नाही. पण आपल्याकडे अ‍ॅमलोडिपिन आणि अ‍ॅटेनोलॉल एकाच गोळीत मिळतात. तिथे ज्यूसबरोबर घेतल्यास अर्धी गोळी नीट काम करते आणि अर्धी अडते, म्हणून स्ट्रिपवरची दोन्ही नावं वाचा. फेलोडिपिन आणि निफेडिपिन मात्र ग्रेपफ्रूटने वाढतात.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांत सिमव्हास्टॅटिनला ग्रेपफ्रूट अजिबात नको. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन जास्त प्रमाणातल्या ग्रेपफ्रूटने वाढतं, रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण नाही. वाढलेल्या सिमव्हास्टॅटिनमुळे स्नायू दुखून लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बीपीच्या बाबतीत मला आणखी एक काळजी वाटते. समजा, मार्चपासून रोज सकाळी अ‍ॅटेनोलॉल मोसंबीच्या ज्यूसबरोबर जातं. बीपी वाढलेलं दिसतं, डॉक्टर ५० ची गोळी १०० ची करतात. जूनमध्ये पाऊस आला, गाडी बंद झाली, ज्यूस थांबला. आता १०० ची गोळी पूर्ण उतरते, नाडी मंद होते आणि म्हातारं माणूस न्हाणीघरात भोवळ येऊन पडतं. म्हणून डोस वाढवायची वेळ आली की डॉक्टरांना आपणहून सांगा: "मी गोळी अमुक गोष्टीबरोबर घेतो." ते विचारतीलच असं नाही, ओपीडीत रांग लांब असते.

गोळी आणि ज्यूस यांत किती अंतर ठेवायचं?

हमाल अडवणारा परिणाम काही तासांत ओसरतो. फेक्सोफेनाडिन, अ‍ॅटेनोलॉल अशा गोळ्यांसाठी मी सरसकट चार तास सांगते. गोळी सकाळी सातला घेतली तर ज्यूस अकरानंतर. हिशेब सोपा राहतो आणि म्हाताऱ्या माणसालाही लक्षात राहतो.

ग्रेपफ्रूट-पपनसाचा विकर निकामी करणारा परिणाम तासांच्या अंतराने टळत नाही. शरीराला ते विकर नव्याने बनवावं लागतं आणि त्याला एक ते तीन दिवस लागतात. सकाळी ज्यूस आणि रात्री गोळी अशी पळवाट इथे चालत नाही. अशी औषधं चालू आहेत तोवर ते फळ वर्ज्य, एवढंच.

आमचं डाळिंब? त्याच्यावरही बंदी आणणार का?

नाही. हा प्रश्न सांगोला-मंगळवेढ्याकडून आलेले लोक जरा दुखावून विचारतात आणि ते स्वाभाविक आहे. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि 'भगवा' जातीच्या डाळिंबाच्या बागांवर इथल्या कितीतरी घरांचे संसार उभे आहेत. प्रयोगशाळेतल्या नळीत डाळिंबाच्या रसाने ग्रेपफ्रूटसारखंच विकर अडवलं होतं, तिथून ही भीती पसरली. पण निरोगी माणसांना रस पाजून, हेच विकर ज्याला मोडतं त्या मिडाझोलाम या गुंगीच्या औषधावर तपासलं, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. नळीतलं सगळंच पोटात घडत नाही.

एक अपवाद पाळा. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असताना रोज भरपूर डाळिंबरस पिणाऱ्या काही पेशंटांत रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आयएनआर चाचणी बिघडल्याच्या नोंदी आहेत. अशांनी रस एकदम सुरूही करू नये आणि एकदम बंदही करू नये. प्यायचाच तर डॉक्टरांना सांगून, ठरलेल्या प्रमाणात.

रसवंतीतला उसाचा रस?

गोळीचं शोषण अडवण्यासाठी उसाचा रस प्रसिद्ध नाही. तिथे प्रश्न साखरेचा आहे. डायबिटीसची गोळी घेऊन वर उसाचा ग्लास, म्हणजे गोळीला दिवसभर ओव्हरटाइम.

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. डायबिटीसच्या काही गोळ्यांत व्होग्लिबोस किंवा अ‍ॅकार्बोस असतं, बऱ्याचदा मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत. ही औषधं साखर आतड्यात फुटण्याचा वेग कमी करतात. अशा माणसाची शुगर अचानक उतरली, हात थरथरले, दरदरून घाम सुटला, तर घरचे साखर किंवा उसाचा रस देतात. त्या क्षणी ती साखर लवकर फुटत नाही आणि शुगर वेळेत वर येत नाही. तिथे ग्लुकोजची पावडरच हवी, कारण ग्लुकोजला फुटावं लागत नाही. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच तीन-चार चमचे पाण्यात ढवळून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. स्ट्रिपवर व्होग्लिबोस लिहिलंय का ते आत्ता उठून बघा आणि ग्लुकोजचा डबा घरात आणून ठेवा.

लिंबूपाणी चालतं का?

लोहाच्या गोळीबरोबर चालतंच, उलट ते मदतही करतं. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. शाळेतल्या मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी, गरोदर बाईची लाल गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला हरकत नाही. चहाबरोबर मात्र नको.

किडनी कमजोर असलेल्यांनी अ‍ॅल्युमिनियमचं अँटासिड आणि लिंबू-संत्र्याचा रस एकत्र घेऊ नये. रसातल्या सायट्रेटमुळे अ‍ॅल्युमिनियम जास्त शोषलं जातं आणि आजारी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही.

नारळपाणी आणि सकाळचे हिरवे रस?

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपी-हृदयाच्या गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढायचा कल असतो. किडनी धड असेल तर अधूनमधून एखादं शहाळं प्यायला हरकत नाही. किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय रोज नको, कारण पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

पालक, कोथिंबीर, गव्हांकुर यांच्या रसात के जीवनसत्त्व असतं. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमरॉल घेणाऱ्यांचं औषध त्याने फिकं पडतं. कारल्याचा रस शुगरच्या गोळीच्या जोडीने शुगर जास्त खाली नेऊ शकतो. आणि दुधीचा रस घोटभर चाखल्यावर कडू लागला, तर तो थुंकून टाका. कडू दुधीने उलटीतून रक्त पडल्याच्या आणि माणसं दगावल्याच्याही घटना देशात घडल्या आहेत. हे शोषणाच्या विषयाबाहेरचं आहे, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

लहान मूल कडू औषध थुंकतं. ज्यूसमध्ये मिसळून देऊ का?

आधी दुकानात त्या औषधाचं नाव सांगून विचारा. काही अँटिबायोटिकांची सिरपं थोड्या ज्यूसमध्ये चालतात, काही बिलकूल नाही. मॉन्टेल्युकास्ट या दमा-अ‍ॅलर्जीच्या औषधाची पुडी मऊ भातात किंवा चमचाभर आइस्क्रीममध्ये मिसळतात, पण पाण्यात किंवा ज्यूसमध्ये विरघळवत नाहीत. औषध पूर्ण ग्लासात कधीच मिसळू नका. मूल अर्धा ग्लास पिऊन पळतं आणि अर्धा डोस ग्लासातच राहतो. ड्रॉपरने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा आणि मग घोटभर पाणी.

ओआरएसची पुडी तर फक्त पाण्यातच, पाकिटावर लिहिलेल्या मापाने. ज्यूसमध्ये कालवली तर साखर-मिठाचं प्रमाण बिघडतं आणि जुलाब वाढतात.

आषाढीचा उपवास, रमजानचा रोजा, तेव्हा काय करायचं?

पंढरपूरच्या जिल्ह्यात राहतो म्हटल्यावर एकादशीचा प्रश्न येणारच. उपवासाला पाणी चालतं, मग गोळीही पाण्याबरोबरच. पोटात दुसरं काही नाही म्हणून फळांचा रस आधाराला घेतात. गोळी जेवणानंतरची असेल तर फराळ करून पाण्याने घ्या आणि रस नंतर. निर्जळी उपवास करणाऱ्या बीपी-शुगरच्या पेशंटांनी आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

रोजा सोडताना दस्तरखानावर खजूर, फळं आणि सरबत एकदमच असतं. माझ्याकडे येणाऱ्या एका चाचांना मी सांगितलंय: खजूर, मग पाणी आणि पाण्याबरोबर गोळी. ज्यूस तरावीहच्या नमाजानंतर. ते आता घरातल्या सगळ्यांना तसंच करायला लावतात.

पाणी किती प्यायचं? घोटभर पुरतं ना?

पुरत नाही. कपभर तरी प्या आणि बसून किंवा उभं राहून, आडवं पडून नको. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते. डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅलेंड्रोनेट त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर हे पाणीही त्या मापातच धरा.

मी आज सकाळीच गोळी ज्यूसबरोबर घेतली. आता काय करू?

दुसरी गोळी घेऊ नका. पहिली किती उतरली हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे दुप्पट डोस होण्याचा धोका असतो. पुढची गोळी ठरलेल्या वेळी, पाण्याबरोबर घ्या. रोजच ज्यूसबरोबर घेत आला असाल तर आजपासून पाण्यावर या आणि पहिले आठ-दहा दिवस लक्ष ठेवा. बीपीची गोळी असेल तर दोन-तीनदा बीपी मोजून कागदावर लिहा. चक्कर, नाडी फार मंद, अंधारी असं काही वाटलं, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ज्यूसची गोष्ट न लाजता सांगा. येताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून दुकानात आणल्या, तर दुपारी दोन ते चार गर्दी नसते. एकेक स्ट्रिप बघून पाकिटावर काय लिहायचं ते आपण बसून ठरवू.